पत्रकावरची धुरपदा

"बघा तरी! न बघताच काय नाही म्हणताय?"

कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर त्या चहावाल्याच्या अंगावर मी एवढ्या जोरात ओरडले, की बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. गुळगुळीत कागद, चार रंगांत छापलेला. वर लाल अक्षरांत 'हरवल्या आहेत', मधोमध फोटो, खाली 'धुरपदाबाई मेटकरी, वय पंच्याहत्तर', आणि तळाला बारीक अक्षरांत आमच्या विट्यातल्या स्टुडिओचं नाव.

"बघितलं की," चहावाला म्हणाला. किटलीची धार त्यानं तुटू दिली नाही. "चार दिस झालं बघतोय. ह्यो काय, तुमचाच कागद हितं डकवलाय." त्यानं मानेनंच खांब दाखवला. खरंच, खांबावर आमचंच पत्रक होतं. "असली म्हातारी न्हाई आली हितं."

"नीट आठवा."

"ताई, असली आली असती तर ध्यानात ऱ्हायली असती. चांगल्या घरची दिसतीया."

माझ्या मागं उभ्या असलेल्या हौसामावशीनं पदराचं टोक तोंडात धरलं. नऊ दिवस झाले होते तिची आई हरवून, आणि त्या नऊ दिवसांत हौसामावशी बोलायचं जवळजवळ विसरून गेली होती. तिच्या वाट्याचंही मीच ओरडत होते.

हौसामावशी आमच्या स्टुडिओच्या पायरीशेजारी भाजी विकायची. मेथीच्या जुड्या, चुका, उन्हाळ्यात गवारी. चैत्रात ती आईला घेऊन खरसुंडीच्या जत्रेला गेली होती. म्हातारी अलीकडं विसरभोळी झालेली, म्हणून तिचा हात हातात धरूनच. देवाच्या उंच सासनकाठ्या नाचवत आल्या, गुलाल उधळला, गर्दीची लाट आली आणि हात सुटला. गुलाल खाली बसला तेव्हा आई नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. पायरीवर आठ वर्षं बसलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा काचेचं दार ढकलून आत आली आणि चप्पल बाहेर काढून आली.

"शैलाताई, आयचा कागद काढायचाय. लोकं म्हनत्यात, कागद लावल्याबिगर घावत न्हाई."

फोटो एकच होता. नातवाच्या लग्नातला, मांडवाच्या कडेला, कुणीतरी अर्धवट उजेडात काढलेला. म्हातारी कोपऱ्यात, कुणाच्या तरी खांद्याआड.

"ठेवून जा मावशी. मी करते."

आमच्याकडं तेव्हा फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर आलं होतं. उघडलं की ते आधी विचारायचं, तुम्ही कोण? नवखे, सवयीचे की तरबेज? जसं उत्तर द्याल तशी हत्यारं समोर यायची. आमचे मालक रंगाभाऊ वीस वर्षं फोटो काढत होते, पण तिथं ते कायम 'नवखे'च राहिले. नवख्यांना एक बटण दाबलं की पुरे. मी दोन वर्षांत 'तरबेज' झाले होते. मी त्यात माझी स्वतःची एक कृती रचून ठेवली होती. ती लावली, की चेहऱ्यावरचे डाग जायचे, कातडी सायीसारखी व्हायची, रंग दोन पायऱ्या उजळायचा, डोळ्यांत पाणी चमकायचं. त्या कृतीचं नाव मी 'नवरी' ठेवलं होतं. रंगाभाऊंनी ती आपल्या एका बटणावर बसवून घेतली. मग काय! विटा, खानापूर, आटपाडी, तीन तालुक्यांतल्या नवऱ्या सख्ख्या बहिणी दिसायला लागल्या. लोक अल्बम हातात घेऊन म्हणायचे, फोटो काढावा कुणीही, हात फिरवावा शैलानं.

त्या फोटोवर मी दोन तास हात फिरवला. जीव लावून फिरवला, हे मी आजही शपथेवर सांगेन. हौसामावशीकडून मी कधी कोथिंबिरीची जुडी घेतली तर ती वर दोन मिरच्या टाकायची, त्या बाईची आई होती ती. मी अंधार काढला. खांद्याआडचा कान नवा बसवला. चेहरा वर आणला.

छापून आल्यावर हौसामावशीला पत्रक दाखवलं. ती बघत राहिली. पापणी हलेना.

"आय तरनी दिसतीया," ती म्हणाली.

"छान झालाय ना?"

"व्हय. तुमी केलंय म्हंजे छानच."

पोलीस ठाण्यात तक्रार दिली होतीच, तिथं पत्रक दिलं. ओळखीच्या ड्रायव्हरांबरोबर सगळ्या स्टँडांवर पाठवलं. मग कुणीतरी सांगितलं, अशी एक म्हातारी कऱ्हाडच्या गाडीत चढताना बघितली. सोमवारी आमची सुट्टी. हौसामावशीला पाट्या वाचता येत नव्हत्या. मी म्हटलं, चला, मी येते.

आणि आता हा चहावाला.

"असली म्हणजे कसली हो?" मी पुन्हा त्याच्यावर घसरले. "माणसं बसतात समोर, तुमचं लक्ष कुठं असतं? कुणाची आई आहे ती!"

"ओरडू नगा बाई. माझी बी आय हाय."

बुकिंगच्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसानं पत्रक हातात न घेताच मान हलवली. मी ते जाळीतून आत सारलं, त्यानं ते तसंच बाहेर सारलं. पाणपोईवर गेले. उसाच्या गाड्यावर गेले. कुणी म्हणालं नाही, कुणी म्हणालं सिनेमातल्या आईगत दिसतीय. एक पोरगेला कंडक्टर हसून म्हणाला, "आज्जी भारी मेंटेन आहे." त्याच्या कानाखाली वाजवायला माझा हात शिवशिवला. हौसामावशीनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"कशाला ताई. लोकांस्नी काय ठावं."

"तुम्ही गप्प बसता म्हणून लोक असे वागतात मावशी!"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

फलाट झाडणारी एक बाई किती तरी वेळ आमच्याकडं बघत होती. चाळिशीची असेल. झाडू काखेत मारून ती जवळ आली.

"कुनाला हुडकताय?"

मी पत्रक पुढं केलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं, उन्हाकडं केलं, लांब धरलं, जवळ आणलं. सकाळपासून पत्रक असं कुणीच बघितलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "हितं एक हुती, पन ती ही न्हवं."

"कोण होती?"

"आता काय सांगू. ठार काळी. त्वांडावर सुरकुत्या, वाळल्या तळ्यागत. पाच दिस ह्याच खांबाला टेकून बसली. मी सकाळच्याला भाकरी द्यायचे. आर्धी खायाची, आर्धी वट्यात बांदायची. कुनासाठी गं म्हातारे, म्हटलं की हसायची. नाव इचारलं की ओवी म्हनायची."

"कसली ओवी?" हे हौसामावशीनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

झाडूवाली लाजली. मग इकडंतिकडं बघून, गाड्यांच्या घरघरीत, तिनं हलक्यानं सूर धरला:

"गोंदण गोंदीलं, माज्या कपाळाच्या मधी..."

ती पुढचं आठवत थांबली. आणि माझ्या शेजारून पुढची ओळ आली:

"बया गेली दूर, खूण जाईना गं कधी."

हौसामावशीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"माजी आय हाय ती," ती म्हणाली.

"न्हाई वो बाई," झाडूवाली कळवळून म्हणाली. "म्या ह्यो कागद बघितलाय की. स्टँडवरचा सायब म्हनला, बघ ही तर न्हवं? म्या कागद बघितला, म्हातारी बघितली. तिच्या डोस्क्यावरच तर डकवलावता. तिच्या कपाळावर गोंदलेलं, ह्ये एवडं, तुळशीवानी. हनवटीवर तीन ठिपकं. भुवईत खोक पडल्याली. हिच्या कपाळावर सांगा कुटं हाय गोंदान?"

तिनं पत्रक माझ्यापुढं धरलं. माझंच पत्रक, माझ्याच हातचं.

कुठंच नव्हतं.

दोन तासांतला शेवटचा पाऊण तास मला आठवला. 'नवरी' लावल्यावर सुरकुत्या गेल्या, काळेपणा गेला, भुवईतली खोक बुजली. पण कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट असं काहीतरी राहिलंच होतं. बटणाला ते निघत नव्हतं. आमच्याकडं अल्बम करायला येणारे लोक नेहमी सांगायचे, आजीचं ते गोंदण तेवढं काढा, खेडवळ दिसतंय. ते काढायची मला इतकी सवय झाली होती की आता कुणी सांगावंही लागत नसे. मी चित्र मोठं केलं, तीनशे टक्के. एकेक ठिपका शोधला आणि शेजारच्या गोऱ्या कातडीचा तुकडा उचलून त्यावर बसवला. शेवटचा ठिपका गेला तेव्हा मी खुर्चीत मागं टेकून अंग मोडलं होतं. कसं साधलं, असं स्वतःशीच म्हटलं होतं. नवख्याला जमलं नसतं ते. सवयीच्यालाही नाही.

"मावशी," मी म्हटलं, "तो लग्नातला फोटो कुठं आहे?"

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला फोटो काढला. मी तो आधी दोन तास बघितला होता. पण तीनशे टक्के मोठा करून बघितला होता; तिथं ठिपके होते, डाग होते, कातडी होती. चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. काळी, दाट सुरकुत्यांची, दात नसलेली, हसत असलेली बाई. कपाळावर तुळस.

"मावशी, हे मी पुसलं."

"व्हय."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं की. पैल्याच दिसी. आयचं गोंदान लेकीला न्हाई दिसायचं?"

"मग बोलला का नाहीत?" मी किंचाळले. स्टँडवरचे सगळे पुन्हा बघायला लागले. "का नाही बोललात? माझं थोबाड फोडायचं होतं! कागद फाडून तोंडावर मारायचा होता माझ्या!"

हौसामावशी शांतपणे म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. म्हटलं, छापायला आसंच करावं लागत आसंल."

झाडूवाली खाली बघून नसलेला कचरा गोळा करायला लागली.

मला तेव्हा कुणाचा राग आला नव्हता? त्या सॉफ्टवेअरचा आला, त्या बटणाचा आला, रंगाभाऊंचा आला. आजींची गोंदणं काढायला सांगणाऱ्या झाडून सगळ्या घरांचा आला. हौसामावशीच्या गप्प बसण्याचा तर इतका आला, की तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि ते सगळे राग एकामागं एक माझ्यावरच येऊन आदळत होते, कारण पाऊण तास माऊस माझ्या हातात होता. दुसऱ्या कुणाच्या नाही.

"आता कुठं आहे ती?" मी झाडूवालीला विचारलं.

"काल सकाळच्याला कुटल्या तरी गाडीत चढली. कंची गाडी, म्या बघितली न्हाई. झाडून आले तवर जागा रिकामी."

स्टँडच्या बाहेर झेरॉक्सचं एक दुकान होतं. मी पळत गेले, हौसामावशी मागून. फोटो काउंटरवर आपटला.

"ह्यातला हा चेहरा. जमेल तेवढा मोठा. पन्नास काढा."

दुकानदार चष्मा कपाळावर सारून बघायला लागला. एक प्रत काढली. काळी, खरखरीत, कोळशानं काढल्यासारखी. पण कपाळावरची तुळस तिच्यात लख्ख उमटली होती.

"डार्क येतंय ताई," तो भल्या मनानं म्हणाला. "चेहरा जरा उजळवून देऊ का? आपल्याकडं तीबी सोय हाय."

"हात लावू नका!"

तो दचकून मागं सरला. "बरं बरं. लावत न्हाई. तुमच्याच पावण्या हैत."

मी त्याच्याकडून जाड मार्कर घेतला आणि प्रत्येक प्रतीवर हातानं लिहिलं: कपाळावर तुळशीचं गोंदण. हनुवटीवर तीन ठिपके. उजव्या भुवईत जुनी खोक. ओव्या म्हणतात. माझं अक्षर वाईट. खाली स्टुडिओचं नाव घातलं नाही.

स्टँडवर परत आलो. तिसऱ्याच कंडक्टरनं कागद हातात घेतला आणि घेताक्षणीच म्हणाला, "अरेच्चा, ही तर कालची आजी!"

"कुठं? कुठं बघितली?"

"आमच्याच गाडीत वडूजला आली की. तिकीट मागितलं तर मला ओवी ऐकवली. म्हटलं, आजे, ओवीवर एसटी चालत न्हाई." त्यानं खांबाकडं बघितलं. तिथं आमचं गुळगुळीत पत्रक उन्हात चमकत होतं. "पण मग ही कोण बाई? ही बी हरवलीय का? रोज बघतोय मी हिला."

त्याला उत्तर द्यायला आम्ही थांबलो नाही.

वडूजला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडमागच्या मारुतीच्या देवळात, पारावर, चार बायकांच्या घोळक्यात धुरपदाआजी बसली होती. कुणीतरी तिची वेणी घालून दिली होती. हौसामावशी धावली नाही. हळूहळू गेली, समोर उकिडवी बसली आणि आईच्या हनुवटीला हात लावला, तिथल्या तीन ठिपक्यांना.

"आये."

म्हातारीनं ओटीची गाठ सोडली. आत भाकरीचे वाळलेले तुकडे होते, पाच-सहा दिवसांचे.

"कुटं हुतीस गं?" ती म्हणाली. "खा. भुकेजली आसशील."

दोन दिवसांनी मायलेकी स्टुडिओत आल्या. हौसामावशीनं नारळ आणला होता, पेढे आणले होते. ह्या वेळी चप्पल तिनं दारातच काढली नाही. आतल्या पायपुसण्यापर्यंत आली आणि मग काढली. रंगाभाऊ खुशीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "सापडली ना? मग झालं तर."

"बसा आजी, बसा. हौसाबाई, तुम्ही शेजारी बसा," त्यांनी दोघींना पडद्यापुढं बसवलं. "पेपरात बातमी देऊ. आमच्या स्टुडिओच्या पत्रकामुळं आजी घरी आल्या. फोटोसकट."

"भाऊ, आपल्या पत्रकाखाली त्या दिवसचे दिवस बसल्या होत्या," मी म्हटलं. "आपल्या पत्रकामुळं सापडल्या नाहीत. सापडल्या त्या झेरॉक्समुळं."

"शैला, लोकांसमोर काय लावलंयस?"

"लोकांसमोरच सांगते."

"बरं, रागानं लाल झालीस, आता पाणी पी." त्यांनी फ्लॅश मारला. दोघी डोळे मिचकावून हसल्या. फोटो पडद्यावर आला. मायलेकी शेजारी शेजारी, एकीच्या कपाळावर तुळस, दुसरीच्या कपाळावर घाम. चांगला आला होता. रंगाभाऊ फोटो चांगलाच काढायचे.

मी खुर्चीपाशी पोचायच्या आत त्यांनी सवयीनं ते बटण दाबलं. माझी 'नवरी'. आणि ह्या वेळी बटणाला काही जड गेलं नाही. पत्रकाच्या दिवशी मी हातानं केलेलं कामही मीच त्या कृतीत नोंदवून ठेवलं होतं, पुढच्या वेळी पाऊण तास लागू नये म्हणून. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरकुत्या मिटल्या. खोक बुजली. एक ठिपका गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तुळस विरघळली.

"बघा!" रंगाभाऊ म्हणाले. "वीस वर्षं कमी केली."

धुरपदाआजी पुढं झुकून पडद्याकडं बघत होती. मग तिनं लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हौसे, तुज्याशेजारी ही कोन बसलीया गं?"

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. रंगाभाऊंसाठी, माझ्यासाठी. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी हौसामावशी उठली. आठ वर्षं पायरीवर बसून कुणाला चढ्या आवाजात भावही न सांगितलेली बाई.

"रंगाभाऊ, ह्ये माघारी घ्या."

"अहो, चांगलं दिसतंय की हौसाबाई..."

"चांगलं दिसाया ती काय लग्नाला उभी हाय?" तिचा आवाज काचेच्या दाराबाहेर रस्त्यावर गेला असेल. "नऊ दिस मी माज्या आयला हुडकलं. स्टँडं हुडकली, देवळं हुडकली, दवाखान्यात मेलेल्या बायांची त्वांडं उगडून बघितली. आता ती माज्या मांडीला मांडी लावून बसलीया. हितं बी मला तिला हुडकाया लावू नगा!"

रंगाभाऊंचं बोट बटणावरच राहिलं होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं आणि म्हातारीचा चेहरा परत आणला.